फिनिक्स बेटांचा समुद्र: आधी बंद, मग खुला

पार्श्वभूमी

किरिबाती हा पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना विखुरलेला देश आहे. त्याच्या ३३ बेटांची सारी जमीन एकत्र केली तर ती ८११ चौरस किलोमीटर भरते, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांहून सुमारे एक तृतीयांशाने जास्त; परंतु या बेटांभोवतीचे अनन्य आर्थिक क्षेत्र, ज्यातल्या माशांवर या देशाचा कायदेशीर हक्क पोहोचतो, जवळपास ३५ लाख चौरस किलोमीटरचे आहे. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आत होती. प्रवाळाच्या रेताड जमिनीत नारळापलीकडे फारसे काही पिकत नाही. बानाबा बेटावरच्या फॉस्फेटची खाण १९७९ साली, म्हणजे नेमकी स्वातंत्र्याच्याच वर्षी, बंद झाली. त्या खाणीच्या पैशातून १९५६ साली उभारलेला राखीव निधी मात्र शिल्लक राहिला, आणि पुढे जे घडले ते समजून घेताना हा निधी लक्षात ठेवावा लागतो, कारण मुद्दल न मोडता व्याजावर खर्च चालवायचा म्हणजे काय, हे या सरकारला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

खाणीनंतर उत्पन्नाचे साधन म्हणून राहिले ते मासे, आणि मासे म्हणजे प्रामुख्याने ट्यूना, ज्याला आपल्या किनाऱ्यावर कुपा म्हणतात. त्यातही डबाबंद उद्योगाला लागणारी स्किपजॅक ही जात मुख्य. किरिबातीची स्वतःची मोठी जहाजे नगण्य असल्यामुळे देश मासे विकत नाही, तर मासे पकडण्याचा हक्क विकतो. जपान, दक्षिण कोरिया, तैवान, अमेरिका, स्पेन अशा देशांची जहाजे परवाना शुल्क भरून येतात, आणि सरकारच्या एकूण उत्पन्नातला निम्म्याहून बराच अधिक भाग या शुल्काचा असतो.

देशाचे तीन द्वीपसमूह आहेत. पश्चिमेला गिल्बर्ट, पूर्वेला लाइन आणि मध्ये फिनिक्स. फिनिक्स समूहात आठ बेटे असून त्यांपैकी फक्त कँटनवर वस्ती आहे, तीही काही डझन माणसांची, आणि ती मुख्यतः सरकारी कर्मचारी व त्यांच्या कुटुंबांची. राजधानी ताराव्यापासून कँटन समुद्रमार्गाने सुमारे १,७५० किलोमीटर दूर आहे. एके काळी पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीची विमाने प्रशांत महासागर ओलांडताना येथे थांबत. आज वाट पाहावी लागते ती सामान घेऊन येणाऱ्या बोटीची.

सन २००० मध्ये बोस्टनच्या न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियमची एक मोहीम या बेटांवर पोहोचली. बुडी मारून पाहणाऱ्यांना तेथे शार्क आणि मोठ्या माशांनी गजबजलेले, माणसाचा हात फारसा न लागलेले प्रवाळ दिसले. त्यानंतर २००२-०३ मध्ये गरम पाण्याचा एक मोठा पट्टा या समुद्रावर महिनोन्‌महिने थांबून राहिला, आणि पुढची मोहीम गेली तेव्हा कँटनच्या खाजणातले प्रवाळ जवळजवळ पूर्ण मेलेले आढळले. मात्र नंतरच्या काही वर्षांत प्रवाळ अपेक्षेपेक्षा वेगाने परतू लागले. शास्त्रज्ञांचे स्पष्टीकरण असे होते की शेवाळ खाणारे मासे तेथे शाबूत असल्यामुळे मेलेल्या खडकावर शेवाळाचा थर चढला नाही आणि नव्या प्रवाळाला बसायला जागा मिळाली. हा समुद्र राखावा, या म्हणण्याला खरा आधार या निरीक्षणाने दिला.

प्रश्न

वरवर पाहता प्रश्न एकच होता: ज्या देशाची चूल माशांच्या परवान्यांवर पेटते, त्याने आपल्या समुद्राचा मोठा भाग मासेमारीला बंद करावा का? माझ्या मते येथे दोन वेगळे प्रश्न पहिल्यापासून एकमेकांत मिसळले गेले, आणि त्या मिसळीची किंमत पुढे मोजावी लागली.

पहिला प्रश्न जागा न सोडणाऱ्या जीवांचा होता. प्रवाळ, त्याभोवतीचे मासे, खडकाजवळ फिरणारे शार्क, जमिनीवर घरटी करणारे समुद्रपक्षी यांना बेट आणि बेटाभोवतीचे काही मैलांचे पाणी राखले तर खरोखर संरक्षण मिळते. दुसरा प्रश्न खुल्या समुद्रातल्या ट्यूनाचा. हा मासा हजारो किलोमीटर हिंडतो, आणि त्याची हद्द नकाशावरच्या रेषेने नव्हे तर पाण्याच्या तापमानाने ठरते. एल निनोच्या वर्षी पश्चिमेकडचे उबदार पाणी पूर्वेला सरकते आणि त्यामागोमाग स्किपजॅकचे थवे किरिबातीच्या हद्दीत येतात. ला निनाच्या वर्षी ते पुन्हा पश्चिमेला, पापुआ न्यू गिनीच्या दिशेने ओसरतात.

हा मासा कसा पकडला जातो हे जवळून पाहिले की वादाचा पुढचा भाग सोपा होतो. पर्ससीन हा शब्द कोकणच्या किनाऱ्यावर नवा नाही; त्यावरून पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष इतका वाढला की महाराष्ट्र शासनाला फेब्रुवारी २०१६ मध्ये या जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. प्रशांत महासागरातले जहाज मात्र त्याच्या कित्येक पट मोठे असते. खलाशी पाण्यात तराफे सोडून ठेवतात. तराफ्याखाली दोर किंवा जुनी जाळी लोंबत असतात आणि वर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा बोया असतो. खुल्या समुद्रात कसलीही सावली मिळाली की मासा तिच्याखाली जमतो. जहाज पहाटे तेथे पोहोचते, दीड-दोन किलोमीटर लांबीचे आणि दोनशे मीटरहून अधिक खोल जाणारे जाळे गोल फिरवते, आणि बटव्याची नाडी ओढावी तशी खालची तार आवळली की जाळ्याचे तळतोंड बंद होते. वर येतो त्यात स्किपजॅक असतोच, पण तराफ्याखाली जमलेली बिगआय ट्यूनाची लहान पिल्ले आणि शार्कही असतात. नासाडी होते ती मुख्यतः याच पद्धतीत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीही न करण्याचा होता आणि तो वाटतो तितका बेजबाबदार नव्हता, कारण बेटांपर्यंत पोहोचणे इतके महाग होते की अंतरानेच त्यांची बरीचशी राखण केली होती. दुसरा पर्याय प्रत्येक बेटाभोवती १२ सागरी मैलांचे कडे पूर्ण बंद करून बाहेरचा समुद्र परवान्यांना खुला ठेवण्याचा होता. तिसरा पर्याय जागा बंद न करता पद्धतीवर बंधन घालण्याचा होता: तराफ्यांवर हंगामी बंदी, जहाजांवर निरीक्षक, दिवसांची मर्यादा. चौथा, सर्वांत मोठा पर्याय संपूर्ण क्षेत्र व्यापारी मासेमारीला बंद करण्याचा, आणि बुडणाऱ्या शुल्काची भरपाई एका विश्वस्त निधीतून सरकारला देण्याचा.

या चौथ्या पर्यायामागची कल्पना ‘उलटा परवाना’ अशा नावाने मांडली गेली. मासेमार मासे पकडण्यासाठी पैसे देतो. येथे जग मासे न पकडण्यासाठी पैसे देणार होते. देणगीदारांनी निधी उभारायचा, त्याचे व्याज दरवर्षी सरकारी तिजोरीत जमा व्हायचे आणि त्या बदल्यात समुद्र बंद राहायचा. निधीचे उद्दिष्ट म्हणून १० कोटी डॉलरचा आकडा बोलला जात होता. कल्पना सुबक होती आणि, फॉस्फेटच्या निधीमुळे, किरिबातीच्या प्रशासनाला परिचितही होती.

काय ठरले आणि काय केले गेले

मार्च २००६ मध्ये ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहरात जैवविविधता कराराची परिषद भरली असताना किरिबातीने फिनिक्स बेटे संरक्षित क्षेत्राची घोषणा केली. न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियम आणि कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल या दोन संस्था भागीदार होत्या. २००८ मध्ये क्षेत्र वाढवून ते ४,०८,२५० चौरस किलोमीटर करण्यात आले, म्हणजे साऱ्या महाराष्ट्राहून सुमारे एक लाख चौरस किलोमीटरने मोठे आणि देशाच्या सागरी हद्दीच्या सुमारे ११ टक्के. २०१० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. राष्ट्राध्यक्ष आनोते टाँग यांनी याचा उल्लेख मानवजातीला दिलेली भेट असा केला, आणि समुद्राची पातळी वाढत असताना बुडू पाहणाऱ्या देशाने जगाला काही द्यावे या कल्पनेने अनेक व्यासपीठांवर दाद मिळवली.

प्रत्यक्षात काय बंद झाले होते? बेटांभोवतीचे कडे, म्हणजे एकूण क्षेत्राचा तीन-चार टक्के भाग. उरलेल्या समुद्रात पर्ससीन जहाजे पूर्वीप्रमाणेच काम करत होती. व्यवस्थापन आराखड्यात हे स्पष्ट लिहिलेले होते की आधी एवढेच आणि निधी जमेल तसतसे पुढे; त्यामुळे कागदावर फसवणूक नव्हती. परंतु भाषणांत आणि बातम्यांत ‘मासेमारीला बंद असलेला महासागर’ हीच प्रतिमा राहिली, आणि २०१३ च्या सुमारास ही तफावत उघडपणे छापून येऊ लागली तेव्हा ती प्रतिमा अडचणीची ठरली. आराखडा प्रामाणिक होता, पण टाळ्या मिळाल्या त्या भविष्यातल्या टप्प्यासाठी आगाऊ.

या काळात बेटांवर मात्र काम चालू होते. २००८ मध्ये रावाकी बेटावरचे ससे आणि मॅकीन बेटावरचे उंदीर हटवण्यात आले. हे उंदीर बाहेरून आलेले होते, आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या वादळपाखरांच्या अंड्या-पिल्लांचा ते फडशा पाडत. या कामाची बातमी फारशी झाली नाही, तरी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत निर्विवाद फलश्रुती हीच असावी.

जून २०१४ मध्ये टाँग यांनी निर्णय जाहीर केला: १ जानेवारी २०१५ पासून संपूर्ण क्षेत्र व्यापारी मासेमारीला बंद. कँटनच्या रहिवाशांना पोटापुरती मासेमारी करण्याची मुभा राहिली. त्या वेळी विश्वस्त निधीची सुरुवातीची गंगाजळी होती ५० लाख डॉलर. त्यांतले २५ लाख किरिबाती सरकारने स्वतः घातलेले आणि २५ लाख कॉन्झर्वेशन इंटरनॅशनलने. ज्या देशाला भरपाई मिळायची होती, त्यानेच निम्मे पैसे आधी खिशातून काढले होते, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवली पाहिजे.

अंमलबजावणीबद्दलची शंका सुरुवातीला सर्वांत मोठी होती, कारण एवढ्या हद्दीसाठी देशाकडे ऑस्ट्रेलियाने दिलेली एकच गस्ती बोट होती. पण ती शंका फोल ठरली. मोठ्या जहाजांवरच्या संदेशयंत्रांच्या नोंदी उपग्रहांमार्फत गोळा करून संशोधकांनी नकाशे काढले, तेव्हा २०१४ अखेरपर्यंत या क्षेत्रात विखुरलेले जहाजांचे ठिपके जानेवारी २०१५ पासून जवळजवळ नाहीसे झालेले दिसले. त्याच वर्षी जूनमध्ये क्षेत्रात मासेमारी करताना एक परदेशी पर्ससीन जहाज सापडले आणि त्याच्या मालकांना दंड आणि किरिबातीला द्यायचे अनुदान मिळून २० लाख डॉलर भरावे लागले. इतर कंपन्यांना एवढा इशारा पुरला.

हिशेबाची गोम

आता जो भाग येतो तो रूक्ष आहे, पण या प्रकरणाची कळ त्यातच आहे. किरिबाती हा नाऊरू कराराच्या आठ सदस्य देशांपैकी एक. हे देश मिळून दरवर्षी जहाज-दिवसांची एकूण संख्या ठरवतात, ती आपापसांत वाटून घेतात आणि प्रत्येक देश आपले दिवस कंपन्यांना विकतो. एका जहाजाने एका दिवसासाठी त्या देशाच्या हद्दीत मासे पकडायचे, याची किमान किंमत २०१५ मध्ये ८ हजार डॉलर होती.

याचा अर्थ असा की किरिबाती समुद्राचे चौरस किलोमीटर विकत नव्हते, दिवस विकत होते. ११ टक्के समुद्र बंद केला म्हणून विकायचे दिवस ११ टक्क्यांनी घटले नाहीत. तेवढेच दिवस घेऊन जहाजे गिल्बर्ट आणि लाइन बेटांभोवतीच्या पाण्यात गेली. त्यात २०१५-१६ हे जोरदार एल निनोचे वर्ष होते. मासा आपणहून किरिबातीकडे आला, आणि समुद्र बंद केला त्याच वर्षी परवान्यांचे उत्पन्न घटण्याऐवजी वाढले. संरक्षणवाद्यांनी याचा आनंद मानला, परंतु सावध माणसाने येथे दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या. उत्पन्न बुडाले नसेल तर भरपाई कशाची? आणि दिवस तेवढेच राहिले असतील तर मासे वाचले कसे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढे आलेल्या अभ्यासांनी दिले ते उत्साह वाढवणारे नव्हते: संपूर्ण प्रदेशातल्या स्किपजॅक आणि बिगआयच्या साठ्यावर या बंदीचा परिणाम अल्प होता, कारण मासेमारी कमी झाली नव्हती, फक्त सरकली होती. याच्या उलट हवाईजवळच्या पापाहानाउमोकुआकेआ राखीव क्षेत्राबाबत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षेत्राच्या सीमेलगत यलोफिन ट्यूनाच्या पकडीचा दर ५४ टक्क्यांनी आणि बिगआयचा १२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणजे मोठी राखीव क्षेत्रे हिंडत्या माशांच्या उपयोगाची नाहीतच, असे सरसकट म्हणता येत नाही. तेथे ट्यूना दोराला गळ लावून पकडतात, इथे पर्ससीनने. जातींचे प्रमाणही वेगळे. एका समुद्राचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवता येत नाही, हे दोन्ही बाजूंचे लोक सोयीने विसरतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. ५० लाख डॉलरवर वर्षाला ५ टक्के व्याज धरले तर अडीच लाख डॉलर होतात. ८ हजार डॉलरच्या दराने ते एकतीस जहाज-दिवसांच्या किमतीइतके आहेत. एका जहाजाच्या एका महिन्याच्या भाड्यात चार लाख चौरस किलोमीटर समुद्र राखला जाणार होता.

निष्पत्ती

मार्च २०१६ मध्ये तानेती मामाऊ राष्ट्राध्यक्ष झाले. काही वर्षांत हवामानाचे चक्र फिरले. २०२० पासून लागोपाठ तीन वर्षे ला निना राहिली, आणि कोविडमुळे सीमाही बंद होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने जाहीर केले की संपूर्ण बंदी उठवून त्याऐवजी सागरी क्षेत्रनियोजनाचा नवा आराखडा आणला जाईल. २०१५ नंतरच्या काळात परवान्यांचे १४ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न बुडाले, असा सरकारचा दावा होता. २०१९ मध्ये किरिबातीने तैवानऐवजी चीनशी संबंध जोडलेले असल्यामुळे परदेशी प्रसारमाध्यमांत चीनच्या हाताची चर्चा झाली आणि सरकारने ती नाकारली. मला स्वतःला त्या चर्चेपेक्षा सरकारने दिलेले आर्थिक कारण अधिक विचार करण्यासारखे वाटते, कारण बुडालेल्या उत्पन्नाच्या त्या आकड्याशी वाद घालता येत असला तरी त्यामागची भावना खरी होती: दिलेल्या शब्दाचा खर्च एका गरीब देशाने उचलला आणि मान मात्र सर्वांनी वाटून घेतला.

निर्णयाची वळणे आणि वेगळे काय करता आले असते

पहिले वळण २००८ चे. क्षेत्राला एकच नाव आणि एकच सीमा देण्याऐवजी बेटांभोवतीचे कडे आणि बाहेरचा समुद्र यांचे दोन स्वतंत्र कायदे केले असते, तर २०२१ मध्ये वाद फक्त दुसऱ्याचा झाला असता. प्रवाळ, पक्षी आणि शार्क यांचे भवितव्य ट्यूनाच्या भावाला बांधण्याची गरज नव्हती. आकार मोठा दाखवण्याच्या नादात हे घडले, आणि त्यात देणगीदारांचा वाटा सरकारपेक्षा कमी नव्हता, कारण पैसा लाखो चौरस किलोमीटरच्या मथळ्याकडे जातो, उंदीर मारण्याच्या कामाकडे जात नाही.

दुसरे वळण २०१४ चे. निधी उद्दिष्टाच्या विसाव्या हिश्शावर असताना पूर्ण बंदी आणणे हे राजकीयदृष्ट्या समजण्यासारखे आहे. २०१३ च्या टीकेनंतर शब्द पाळून दाखवणे भाग होते. तरीही बंदीच्या सोबत दोन अटी जोडता आल्या असत्या. एक, देणगीदारांनी ठराविक मुदतीत ठराविक रक्कम न दिल्यास बंदीचा फेरविचार होईल, असे उघड कलम. दोन, बंद केलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात किरिबातीने आपल्या वाट्याचे काही जहाज-दिवस विक्रीतून कायमचे काढून घेणे. दुसरी अट जाचक होती, पण तिच्याशिवाय ट्यूनाच्या बाबतीत बंदीला जैविक अर्थ नव्हता. आणि ती पाळली असती तर भरपाईचा आकडाही निर्विवाद झाला असता, कारण न विकलेला दिवस मोजता येतो, न पकडलेला मासा मोजता येत नाही.

लोकांच्या सहभागाचा मुद्दा अशा प्रकरणांत हमखास येतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले ते अवघ्या २९.१२ चौरस किलोमीटरचे, आणि तरी मच्छीमारांच्या विरोधामुळे त्याची गाडी पुढे सरकायला त्रास झाला, कारण तेथे त्या पाण्यावर रोज होड्या जातात. फिनिक्समध्ये उलटे घडले. विरोध करायला तेथे कोणी राहतच नव्हते, म्हणून घोषणा सहज झाली. आणि पाठीशी उभे राहायलाही कोणी नव्हते, म्हणून उठवणेही सहज झाले. ताराव्यातल्या बहुतेक कुटुंबांनी ही बेटे कधी पाहिलेली नाहीत. परवान्याच्या पैशातून शाळा, दवाखाना आणि खोबऱ्याचा हमीभाव चालतो, हे त्यांना ठाऊक असते; निधीच्या व्याजातून काय चालले हे दाखवणारी एकही वस्तू त्यांच्या गावात नव्हती. निधीचा एखादा छोटा हिस्सा दरवर्षी थेट बेटांच्या स्थानिक परिषदांकडे, नावानिशी आणि जाहीरपणे गेला असता, तर २०२१ च्या मंत्रिमंडळाला तो बंद करण्याआधी त्या परिषदांना तोंड द्यावे लागले असते.

तिसरे वळण एल निनोचे, आणि ते कोणी वळण म्हणून ओळखलेच नाही. २०१५-१६ चे वाढीव उत्पन्न ही निधी भरण्याची संधी होती. फॉस्फेटचे दिवस चालू असताना १९५६ मध्ये जे सुचले होते, म्हणजे भरल्या वर्षातला वाटा आटलेल्या वर्षासाठी बाजूला काढणे, ते येथे सुचले असते तर ला निना आली तेव्हा मंत्रिमंडळासमोर वेगळा ताळेबंद असता.